हिरवं पाणी

माझ्या मुलीला गाडी जमत नाही, असं तिच्या घरात चार वर्षं सगळे धरून चालले होते. तिचं घर म्हणजे तिकडे, कॅनडात. खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा बरी चालवते. तिच्या हातातून गाडी सुटली ती माझ्यामुळे, आणि चार वर्षं मी तोंड उघडलं नाही. आता वय झालं, गुडघे कुरकुरतात, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि ही गोष्ट उरावर घेऊन फिरायचा मला वीट आलाय. म्हणून लिहितोय. मी काही लिहिणारा माणूस नाही, ड्रायव्हर आहे.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीची बस मी एकोणतीस वर्षं चालवली. पेणला रामवाडीतून सुटायचं, गडब, नागोठणे करत माणसं उचलायची आणि शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत रोह्याच्या गेटवर उतरवायची. रोज तेच वळण, तेच खड्डे, तीच माणसं, तेच त्यांचं मागे बसून घोरणं. एवढी वर्षं केलं म्हणून कुणी कौतुक केलं नाही, आणि करायचं कारणही नव्हतं. भोंग्याआधी पोचलो की माझं काम संपलं.

गाडी मला पेणच्या एका उस्तादांनी शिकवली. खाडीकाठच्या जुन्या मुसलमान घरातले, तोंडात कायम पान, शिव्या अस्सल मराठीत. त्यांचा एकच हट्ट होता. सकाळी पहिल्यांदा बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचं, कमी असेल तर भरायचं, आणि मग स्वतः चहा प्यायचा. आधी चहा प्यालेला दिसलो तर ते कप हातातून काढून घ्यायचे. ते पुढे मुलाकडे आखातात गेले, पण त्यांचा हा नेम मी कधी मोडला नाही. घरातला एक तांब्याच मी बसला देऊन टाकला होता. बायको म्हणायची, "देवाला पाणी घालायचं ऱ्हातंय, पन गाडीला घालायचं कधी ऱ्हात नाय."

आता कोणी म्हणेल, रेडिएटरमध्ये कूलंट घालतात, साधं पाणी नाही. ते मला ठाऊक होतं. नंतर नंतर गॅरेजवाले रंगीत डबे दाखवायचे. आम्ही सगळे ड्रायव्हर त्याला रंगीत पाणी म्हणायचो, गिऱ्हाइकाला गंडवायचा धंदा. माझ्या बसला गडबच्या हातपंपाचं पाणी मी वर्षानुवर्षं पाजलं आणि इंजिनाने कधी तक्रार केली नाही. त्यामुळे या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवावं, ही कल्पनाच माझ्या डोक्यात येत नसे.

मुलीला मीच शिकवलं. आमची एक जुनी चारचाकी होती, अजून आहे, तिच्यात रविवारी सकाळी तिला बसवायचो आणि रोह्यापर्यंत जाऊन यायचो. क्लच सोडताना गाडी उड्या मारायची आणि मी ओरडायचो, "अगो, गाडी हाय ती, घोडा नाय!" ती रडायची नाही. दात खाऊन परत चालू करायची. तिला मी दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. एक, रस्त्यावरची नजर काढायची ती फक्त समोरच्या मीटरच्या काट्यांवर टाकायला. दुसरी, तापमानाचा काटा लाल झाला की गाडी बाजूला घ्यायची आणि बंद करायची. "मग शेजारी कोन बसलाय, काय सांगतोय, ऐकायचा नाय. मी जरी असलो तरी नाय." हे माझे शब्द. मला ते नीट आठवतात, हीच तर पंचाईत आहे.

लग्न होऊन ती विनिपेगला गेली. जावई पुण्याकडचे, कॉम्प्युटरवर काम करणारे, स्वभावाने चांगले. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात एका चौकात तिची गाडी बर्फावर घसरली, गोल फिरली आणि खांबाला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही. गाडी भंगारात गेली आणि पोरीने धसका घेतला. ती स्टिअरिंगला हात लावेना. पुढच्या वर्षी तिला म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम मिळालं, मनासारखं काम. ते होतं शहराबाहेर हायवेला, तिथवर बस जात नव्हती. डिसेंबरपासून रुजू व्हायचं, गाडी चालवता आली पाहिजे, नाहीतर ते दुसरीला घेणार. तिने मला फोन केला. "बाबा, तुम्ही या. काही करू नका, नुसते शेजारी बसा. तुम्ही बाजूला असलात की मला जमेल."

एवढं कोणी बापाला म्हटल्यावर बाप घरी थांबेल होय? बायको यायला तयार नव्हती. ती हमरापूरची, माहेरच्या कारखान्यात गणपतीचं रंगकाम करते, डोळ्यांची आखणी तिच्याकडे असते. म्हणाली, "तुमी जावा. पोरीला नीट शिकवा, उगाच वराडू नका." मी एकटाच गेलो, नोव्हेंबरात.

थंडी म्हणजे काय, हे मी इथे सांगत बसत नाही. नाकातले केस गोठतात एवढंच सांगतो. बर्फ मला माहीत होता तो मासळीच्या पेटीतला. तिथे तो रस्त्यावर, छपरावर, झाडावर, आणि त्यावर ते लोक खोऱ्याने मीठ फेकतात. आमच्या पेणच्या मिठागरात लोक उन्हात पाय भाजत ते काढतात, आणि इथे ते टायरखाली. मी जावयांना म्हटलं, मीठ आमटीत घालतात. ते हसले.

गाडी घ्यायची होती. जावयांनी कुठून कुठून शोधून ठरवलं की सीमेपलीकडे, अमेरिकेत, तीच गाडी बरीच स्वस्त मिळते. सीमा दीड तासावर. पण नुसतं जाऊन आणायची नाही. गाडीचे कागद तीन दिवस आधी अमेरिकेच्या कस्टमकडे पाठवायचे, मग गाडी सीमेवर आणायची, मग कॅनडाच्या बाजूला फॉर्म भरायचा, मग गाडी तपासून घ्यायची. आपल्याकडे गुजरातची गाडी आणून नंबर बदलायला जेवढे हेलपाटे लागतात तेवढेच, फक्त इथे सगळे गोड बोलतात.

मी खुशीत होतो. गाडी पारखायची म्हणजे माझं काम. तर कळलं की मला जाताच येणार नाही. माझा व्हिसा कॅनडाचा, त्या दोघांकडे अमेरिकेचाही होता. झालं! जन्मभर गाड्यांत घालवलेल्या माणसाला सीमेच्या अलीकडे एका कॉफीच्या दुकानात बसवलं आणि ज्यांना इंजिन पुढे की मागे ते माहीत नाही ती दोघं गाडी आणायला गेली. डोक्यात तिडीक गेली माझ्या. दुकानातली बाई दर अर्ध्या तासाने येऊन हसून काहीतरी विचारायची, मी हसून मान हलवायचो, आणि ती आणखी एक कॉफी आणून ठेवायची. चार झाल्या.

दोघांनी पलीकडून व्हिडिओ लावला. मी सांगत होतो, चालू करा, आवाज ऐकवा, धूर दाखवा, सायलेन्सरला हात लावा. इंजिनाचा आवाज चांगला होता. "बॉनेट उघडा, पाणी दाखवा," म्हटलं, तेवढ्यात तिथल्या माणसाला घाई झाली आणि फोन बंद झाला. दुपारी दोघं राखाडी रंगाची गाडी घेऊन आली. मुलगी पुढे बसली होती, पण स्टिअरिंगवर जावई. मला बघून ती काचेतून लहानपणीसारखी हात हलवत होती. बरं वाटलं मला.

गाडीची पूजा केल्याशिवाय मी तिला रस्त्यावर जाऊ देणार नव्हतो. नारळ इमारतीबाहेर जोरात आपटला तर तो बर्फात रुतून बसला, फुटेना. हाताने उकरून काढला. शेवटी इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची जागा होती, तिथल्या सिमेंटवर फोडला. तळघर उबदार ठेवतात तिथे. लिंबं चाकाखाली ठेवली, मुलीने कुंकू लावलं, आणि मी तिला म्हटलं, "चल, बस." ती बसली. मी शेजारी. तळघरातच दहा फेऱ्या मारल्या आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं उठायच्या आत मी खाली गेलो. हातात तांब्या. तांब्या घरून नेला होता, हो, सामानात कपड्यांत गुंडाळून. बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढलं आणि आत बघतो तर पाणी हिरवंगार! कूलंट हा शब्द माझ्या मनात आलाही. पण त्या आधी दुसरा विचार आला. गाडी कित्येक महिने उभी असणार, पाण्याला शेवाळं धरलंय. आणि कूलंट असलं तरी काय, रंगीत पाणीच ते. आमच्या पोरीच्या गाडीत कुणाचं तरी जुनं, सडकं पाणी कशाला? खालचा नळ सैल करून सगळं बादलीत काढलं, गटारात ओतलं, आणि भिंतीच्या नळाचं स्वच्छ पाणी तांब्या तांब्याने भरलं. इंजिन चालू करून परत भरलं. बॉनेटला हात लावून नमस्कार केला आणि वर येऊन चहा प्यालो. उस्ताद असते तर खूश झाले असते, असं मला त्या दिवशी खरंच वाटलं. कुणाला सांगितलं नाही. रोजचं काम, त्यात सांगायचं काय.

दोन आठवडे आम्ही दोघं रोज फिरलो. थंडी होती पण तिथल्या मानाने बेताची. आणि गाडी झोपायला उबदार तळघरात. आधी मोकळ्या मैदानात, मग गल्ल्यांत, मग हायवेला. बर्फावर कसं चालवायचं हे मला काय डोंबल माहीत होतं? पण चिखल मला माहीत होता. पावसाळ्यात गडबजवळ रस्त्यावर लाल माती यायची, तेव्हा जे करायचो तेच तिला सांगितलं. ब्रेक दाबू नको, आधी पाय उचल, गाडी जिकडे सरकते तिकडेच चाक वळव, तिला धाक दाखवू नको. गाडी अमेरिकेची, त्यामुळे वेगाचा काटा मैलाचा. ती मनातल्या मनात किलोमीटर करून मोठ्याने सांगायची. एका दुपारी गाडी घसरली आणि तिने सावरली. ओरडली नाही, डोळे मिटले नाहीत. फक्त म्हणाली, "बघितलंत?" मी म्हटलं, "बघितला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

डिसेंबरात तिचं काम सुरू झालं. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो, दिवसभर तिथेच थांबायचं ठरवून. नेमकी त्याच दिवशी खरी थंडी पडली, उणे तीस. गाडी आश्रमाच्या अंगणात उघड्यावर उभी राहिली. मी आत बैठकीच्या खोलीत. एक म्हातारा माझ्याशी तासभर बोलत होता, मी व्हय व्हय करत होतो, दोघांनाही बरं वाटलं. अधूनमधून मुलगी निळ्या कपड्यांत म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलत जाताना दिसायची. एकदा तिने जाता जाता अंगठा दाखवला. काम जमतंय, असं.

तीन वाजता निघालो. गाडी चालू झाली, हायवेला लागलो. पाच-सात मिनिटं झाली आणि ती म्हणाली, "बाबा, हीटरमधून गार वारा येतोय." मी हात लावला, खरंच गार. मग म्हणाली, "बाबा, काटा लाल झाला. थांबते."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अगो, बाहेर बर्फ, हीटर गार, आनि गाडी तापली म्हनं! काटा बिघडलाय. अमेरिकेचा हाय ना, चल तू."

"पण बाबा, तुम्हीच..."

"मी सांगतो ना! हित थांबून गारठून मरायचं हाय? चल!"

ती चालली. माझ्यावर विश्वास ठेवून चालली. दोन-तीन किलोमीटर गेलो असू, बॉनेटखालून टकटक आवाज आला, मग वाफ, मग एक करकर, आणि गाडी जागच्या जागी मेली. इंजिन जाम. मी दार उघडून खाली उतरलो तसा वारा कानात सुईसारखा गेला. बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या जाळीला खाली बर्फाची धार चिकटलेली. एवढ्या वर्षांत पाणी गोठून गाडी तापते हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण बघितल्या क्षणी कळलं. गोठलं की पाणी फिरत नाही. फिरलं नाही की हीटर गार आणि इंजिन विस्तव. ते हिरवं कूलंट असतं तर गोठलं नसतं. गोठलं ते मी घातलेलं पाणी. मी.

मुलीने स्वतःची टोपी काढून माझ्या डोक्यात घातली. "आत बसा बाबा, तुम्हाला सोसणार नाही." तिने फोन केले, हात दाखवून एक ट्रक थांबवला, त्याच्या केबिनमध्ये आम्हाला बसवलं. ती सगळं करत होती आणि मी पोरासारखा नुसता बसून होतो. बोलायचं होतं, पण दातावर दात आपटत होते. निदान तेव्हा मी तसं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवताना जावयांना गॅरेजचा फोन आला. ऐकून ते परत ताटावर बसले. म्हणाले, "इंजिन संपलं. आत नुसतं पाणी होतं, कूलंट नावाला. त्या अमेरिकेतल्या माणसाने फसवलं आपल्याला." माझा घास हातात. मग ते मुलीकडे वळले. रागाने नाही, हेही सांगायला हवं. "पण काटा लाल झाला असेल ना? तू थांबली का नाहीस? थांबली असतीस तर इंजिन वाचलं असतं."

मुलीने एकदा माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी वरणात भात कालवत होतो. कालवलेला भात मी पुन्हा कालवला.

"मला दिसला नाही," ती म्हणाली.

बस, एवढंच. मी मूग गिळून गप्प बसलो. जावयाच्या घरात, जावयाच्या ताटावर, ज्याला ड्रायव्हर सासरा म्हणून चार मित्रांत मिरवतात त्या माणसाने तोंड उघडलं नाही. लाज वाटली का? लाजच वाटली म्हणून उघडलं नाही. तो अमेरिकेतला बिचारा माणूस, ज्याने गाडीत चांगलं हिरवं कूलंट घालून दिलं होतं, तो चोर ठरला. आणि माझी पोरगी आंधळी ठरली.

दुसरी गाडी लगेच घेणं त्यांना झेपणारं नव्हतं. आश्रमवाल्यांनी आठवडाभर वाट बघितली आणि दुसरीला घेतलं. मुलगी एका बेकरीत पाव भरायच्या कामाला लागली. सकाळी अंधारात बसच्या थांब्यावर उभी राहायची, पाय आपटत. मी खिडकीतून बघायचो. पुढे गाडी आली तेव्हाही ती चालवायला बसली नाही. विचारलं तर म्हणायची, "नको, मला नाही जमत." मी फेब्रुवारीत परत आलो. तांब्या तिथेच राहिला. विसरला म्हणून नव्हे.

मग चार वर्षं फोन. दर रविवारी व्हिडिओ. त्यांच्याकडे पाहुणे असले की जावई थट्टेने सांगायचे, "आमच्या हिने उणे तीसमध्ये इंजिन उकळून दाखवलंय!" सगळे हसायचे. तीही हसायची. माझी बायको इकडे कपाळाला हात लावायची, "ह्या पोरीचं लक्षच नसतंय." आणि मी म्हणायचो, आवाज येत नाय, रेंज नाय. उठून अंगणात जायचो. किती वेळा गेलो असेन, देव जाणे. दमलो त्या अंगणात जाऊन जाऊन.

या हिवाळ्यात ती एकटीच आली, महिनाभरासाठी. माझे डोळे दाखवायचे होते, रोह्याच्या एका डॉक्टरांकडे. त्यांच्या माणसाने फोनवर बजावलं होतं, डोळ्यांत औषध घालणार, परत जाताना दिसणार नाही, चालवणारा सोबत आणा. मी मुलीला एवढंच म्हटलं, "चल गो सोबत, एकट्याला कंटाळा येतो." खोटं बोललो नाही, पुढचं गिळलं. त्यात माझा हात धरणारा कोण आहे.

जाताना मी चालवली, हळूहळू, मागचे भोंगे ऐकत. डॉक्टरांनी थेंब घातले आणि तपासून सोडलं तोवर संध्याकाळ झालेली. बाहेर आलो तर सगळं धूसर, दिव्यांना हे एवढे गोळे. मी किल्ली पुढे केली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"मुद्दाम आणलंत मला."

"व्हय," म्हटलं. "बस तर आता. नायतर गाडी हितंच सोडून एसटीने जाऊ."

तिने माझ्या हातातून किल्ली घेतली. मग दाराचा आवाज आला, सीट पुढे ओढल्याचा आवाज आला, आणि इंजिन चालू झालं. तिने एक उडी मारू दिली नाही गाडीला. रोहा सुटलं, नागोठणे आलं, हायवेला लागलो. ट्रक अंगावर यायचे तसा तिचा श्वास मोठा व्हायचा, मग परत शांत. मला रस्ता दिसत नव्हता, तिचं तोंड दिसत नव्हतं. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"गो, त्या गाडीतलं हिरवं पाणी मी काढलं होतं. साधं पाणी मी भरलं."

गडबच्या दुकानांचे दिवे बाजूने गेले असावेत, उजेड हलला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्या सकाळी तुमच्या स्वेटरची बाही हिरवी झाली होती. मीच धुतली. तेव्हा कळलं नाही. गॅरेजवाला पाणी म्हणाला तेव्हा कळलं."

"मग बोलली का नायस? चार वरसं लोकांचं हसू सोसलंस!"

"मी कशाला बोलू? तुम्ही ताटावर समोर बसला होतात. मी वाट बघत होते तुमची." गिअर बदलला आणि म्हणाली, "इंजिनाचं काय घेऊन बसलात. पण काटा मला दिसला होता, बाबा. आणि दिसला नाही असं इतक्यांदा म्हटलं, की माझंच मला खरं वाटायला लागलं. मग स्टिअरिंगला हात कसा लावू?"

रडलो, सांगायला काय लाज. औषधाने डोळ्यांतून आधीच पाणी गळत होतं, त्यात भर. तिने सांत्वन केलं नाही आणि करायला नको होतं. मी विचारलं, "काटा कुठं हाय?"

"मध्ये. बरोबर मध्ये."

तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. जावई तिकडे सकाळी उठले की पहिला फोन करतात. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, घरी गेल्यावर करते." मी पर्स चाचपून फोन काढला. नाव दिसेना, आकडे दिसेनात. काचेवर एक हिरवा ठिपका तेवढा दिसला, तो सरकवला आणि कानाला लावला.

"जावईबापू, मी बोलतोय. मधे बोलू नका, मला पुन्हा जमणार नाय. तुमच्या त्या राखाडी गाडीत पाणी मी घातलं. अमेरिकेतल्या मानसाने नाय. आनि काटा लाल झाला तेव्हा हिला दिसला होता. ती थांबत होती. मी थांबू दिली नाय."

जावई हळू आवाजात म्हणाले, "बाबा... तिला जरा फोन द्या ना."

मी शेजारी बघितलं. धूसरच दिसत होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान सरळ.

"आता नाय देता येनार," मी म्हटलं. "ती गाडी चालवतेय."